अत्याचाराचा घाव काळजावरही पडतो!

भैयालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ रोजी नागपुरात हृदयविकाराच्या झटक्याने गेले. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत पत्नी सुरेखा, मुलगी प्रियंका आणि रोशन, सुधीर ही दोन्ही मुले जातीयवाद्यांनी ठार केली, त्याला तेव्हा दहा वर्षे उलटून गेली होती. भंडारा न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली. नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये ती २५ वर्षांच्या सक्तमजुरीवर आणली. अॅट्रॉसिटी कायदा लागला नाही तो नाहीच. सर्वोच्च न्यायालयाकडे डोळे लावून बसलेला हा माणूस निकालाविनाच गेला. त्यांना दुःखानेच मारले, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण दुःखाचा हृदयाशी संबंध नाही, असे आज कोणताही जाणता डॉक्टर म्हणणार नाही.

भीषण धक्का बसला की मेंदू धोक्याचा इशारा देतो, रक्तात अॅड्रेनलिन उसळते, रक्तदाब चढतो. क्वचित हृदयाच्या डाव्या कप्प्याचे टोक एकाएकी लुळे पडून फुगते. जपानी डॉक्टरांनी ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यावरून या आजाराला ‘ताकोत्सुबो’ नाव दिले. लक्षणे हुबेहूब झटक्याची, पण रक्तवाहिनी तुंबलेली सापडत नाही. पाळी गेलेल्या स्त्रियांत हा अधिक आढळतो. बहुतेक बरे होतात, काही दगावतात.

ताण वर्षानुवर्षे राहिला तर झोप जाते, आठवणी विस्कटतात. नेमक्या याच विस्कटलेल्या आठवणींवर आरोपीचा वकील उलटतपासणीत बोट ठेवतो आणि फिर्यादी खोटी ठरते!

कायदा आंधळा नाही, अंमलदार आंधळे आहेत. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ ला दुरुस्ती झाली. तिने ‘पीडित’ या शब्दात मानसिक व भावनिक हानी सोसलेला माणूस आणि त्याचे नातेवाईकही घेतले. कलम १५अ मध्ये वैद्यकीय मदत आहे. दोषारोपपत्रापासून शक्यतो दोन महिन्यांत खटला संपवा, असे कलम १४ सांगते. पंचनाम्यात मात्र फक्त अंगावरचे वळ मोजले जातात.

आमच्या फुलपाड्यातून वसई कोर्टाच्या तारखेला निघालेल्या आईच्या छातीत कळ आली, घाम फुटला, तर “टेन्शन घेऊ नको” म्हणून तिला पाणी पाजून बसवू नका. आधी दवाखाना गाठा, ईसीजी काढा. ते कागद जपून ठेवा आणि कलम १५अ खाली विशेष न्यायालयात अर्जासोबत जोडा. तारीख पुढची मागता येते.