बर्फाकडे जाताना घाई नको

हिवाळ्यात गुलमर्गला सहकुटुंब स्कीइंगचा बेत आखताना उंचीचा हिशेब आधी मांडावा. समुद्रकाठच्या मुंबईहून आपण सुमारे १,६०० मीटर उंचीवरील श्रीनगरला उतरता. तेथून पन्नासएक किलोमीटरवरचे गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि गंडोल्याचा दुसरा टप्पा ३,९०० मीटरांपर्यंत नेतो. विरळ हवेची सवय होण्यास शरीराला अवधी लागतो. म्हणून पहिली रात्र श्रीनगरला, दुसरी गुलमर्गला काढावी आणि वरचा टप्पा त्यानंतरच गाठावा. नवशिक्यांचे सौम्य उतार गुलमर्गलाच असल्याने या थांबण्यात मुलांचा आनंद हिरावत नाही. डोकेदुखीसह मळमळ जाणवल्यास वर जाऊ नये. त्रास वाढल्यास तत्काळ खाली उतरावे. वाया गेलेले तिकीट पुन्हा काढता येते. दुर्लक्षिलेले दुखणे मात्र जिवावर बेतू शकते.