संमीलनऊर्जा : ज्ञान सर्वांचे, मालकी कोणाची?

१९५५ साली जिनीव्हा येथील अणुशक्ती परिषदेच्या अध्यक्षपदावरून होमी भाभांनी भाकीत केले होते की, दोन दशकांत अणुसंमीलनाची ऊर्जा माणसाच्या काबूत येईल. सत्तर वर्षे लोटली, तरी त्या ऊर्जेवर एकही गाव उजळलेले नाही. त्याची थट्टा करणे सोपे आहे. परंतु या प्रयत्नाच्या इतिहासातून घ्यावयाचा बोध वेगळाच आहे.

हायड्रोजनचे जड अणुगर्भ पृथ्वीवर एकजीव करावयाचे, तर दहा कोटी अंशांहून अधिक तापमान लागते. ते कोणत्या भांड्याला सोसवणार? सोव्हिएत शास्त्रज्ञांनी असा तप्त वायू कंकणाकृती पात्रात चुंबकीय बलाने अधांतरी धरण्याची युक्ती काढली. तेच टोकामॅक यंत्र. १९६८ साली त्यांनी आपले यश जाहीर केले, तेव्हा पाश्चात्त्यांचा विश्वास बसेना. त्याच वर्षी प्रागमध्ये रशियन रणगाडे शिरले होते. तरीही १९६९ मध्ये कलहॅमचे ब्रिटिश शास्त्रज्ञ आपली लेसर-उपकरणे घेऊन मॉस्कोस गेले, त्यांनी स्वतः तापमान मोजले आणि दावा खरा असल्याची ग्वाही दिली. त्यानंतरच टोकामॅक जगभर पसरला.

फ्रान्समध्ये उभारला जात असलेला इटर प्रकल्प याच परंपरेतला आहे. खर्चाचा सुमारे नऊ टक्के वाटा उचलणाऱ्या भारताला त्यातून निर्माण होणारे ज्ञान इतर भागीदारांइतकेच खुले आहे. प्रकल्पाचा खर्च फुगला, मुदती टळल्या, ही टीका रास्तच आहे. मात्र त्यावरचा उपाय म्हणून आता खाजगी भांडवलाचे गोडवे गाइले जात आहेत. हेलिऑन या अमेरिकन कंपनीने तर २०२८ पासून वीज देण्याचा करार २०२३ मध्येच मायक्रोसॉफ्टशी केला.

अशा कंपन्यांना यश येऊ नये, असे कोण म्हणेल? प्रश्न हिशेबाचा आणि हक्काचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातील सरकारी प्रयोगशाळेत २.०५ मेगाज्यूल लेसरऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा मिळाली. पण ते लेसर चालविण्यास सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली, हेही लोकांना कळले, कारण आकडे उघड होते. गुंतवणूकदारांना भुलविण्यासाठी दिलेल्या आकड्यांची अशी शहानिशा कोण करणार?

अमेरिकन सरकार या कंपन्यांना सार्वजनिक निधी देत आहे. हा निधी कोणतेही सरकार देवो, त्याने दोन अटी घातल्याच पाहिजेत : मोजमापे त्रयस्थ तज्ज्ञांस तपासू द्यावीत, आणि जनतेच्या पैशातून लागलेल्या शोधांचे एकस्व कोणा एकाच्या तिजोरीत बंद राहू नये. मॉस्कोने शीतयुद्धाच्या काळात प्रतिस्पर्ध्यांसाठी जे दार उघडले, ते आज कंपन्यांनी आपल्याच नागरिकांसाठी बंद करावे, याला प्रगती म्हणता येणार नाही.