तांडेलांच्या सुनेचा रकाना

मैत्रिणींनो, आडनाव आपल्याला आयतं मिळतं, म्हणून त्याच्याकडे आपण निरखून बघतच नाही. आमच्या पालघर-बोईसर-तारापूर किनाऱ्यावर ‘तांडेल’ आडनावाची घरं कितीतरी. तांडेल म्हणजे होडीवरचा म्होरक्या. वारा बघून निघायचं कधी, जाळं टाकायचं कुठे, सगळं त्याच्या शब्दावर. मराठ्यांच्या आरमारात तांडेल होते, आणि इंग्रजांनी हाच शब्द ‘टिंडल’ करून आपल्या जहाजांवर नेला. तारापूरने तर पारशांना अख्खं गावच दिलं, तारापोरवाला! त्यांच्यात इंजिनिअर, कॉन्ट्रॅक्टर अशी चक्क इंग्रजी पेशांची आडनावंही आहेत. क्रिकेटमुळे ती आपल्या ओळखीची.

पण यात बाईचं काम कुठे आहे हो? इंग्रजीत वेबस्टर, बॅक्स्टर, ब्रूस्टर अशी आडनावं आहेत. त्यातलं ‘स्टर’ हे जुन्या इंग्रजीत मुळात बाईसाठीचं शेपूट. वेबस्टर म्हणजे विणकरीण, बॅक्स्टर म्हणजे पाव भाजणारी, ब्रूस्टर दारू गाळणारी. पुढे पुरुषही ती लावू लागले, तरी शब्दात ती बाई उरली आहेच.

आपल्याकडे होडी बंदराला लागली की मासळी निवडणं, बोंबील वाळवणं, वाटे लावून भाव करणं, सगळं बायकांचं. तांडेलांची सून लग्नाने तांडेल होते, सुकाणू मात्र तिच्या हाती कोणी देत नाही. आणि ती जे करते, त्याचं आडनाव नाही. आडनाव राहू दे, नोंदही नाही! बचत गटाचे फॉर्म भरताना ‘व्यवसाय’ आला की नवरा बाजूने सांगतो, “गृहिणी लिहा.” पहाटे पाटी घेऊन बाजार गाठणारी गृहिणी? (मी स्वतः गृहिणी आहे, मला त्या शब्दाची लाज नाही. पण मी मासळी विकत नाही.)

1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत आपल्या राज्याने आईचं नाव वडिलांच्या आधी घ्यायचं ठरवलं. चांगलंच झालं. आता तिच्या कामालाही रकाना मिळू दे. मी हल्ली नवऱ्याला विचारतच नाही, थेट तिला विचारते आणि ‘मासळी विक्रेती’ लिहिते. परवा एकीने मलाच थांबवलं, “नुसती विकत नाय ताई, सुकवते पण मीच. दोन्ही लिवा.”