हाताला चव नसते

'तुमच्या आजीच्या हाताला चव होती,' हे वाक्य मी दर येळवसेला ऐकतो. बोलणारा मनापासून बोलत असतो, म्हणून कुणी त्याला अडवत नाही. मला मात्र ते आता अडवावंसं वाटतं. हे वाक्य ऐकायला कौतुक असलं, तरी ज्या बाईबद्दल ते बोललं जातं तिचं सगळं ज्ञान ते एका झटक्यात पुसून टाकतं.

आजी काय करायची ते आधी सांगतो. होटगीतलं आमचं जुनं घर माळवदाचं. मार्गशीर्ष अमावस्येला शेतावर आंबील न्यायची, म्हणून दोन दिवस आधी ती ज्वारीचं पीठ शिजवायची आणि निवल्यावर त्यात ताक घालायची. निवलं की नाही हे ती भांड्याला हाताची पालथी बाजू लावून ठरवायची. चटका बसत असेल तर थांबायची, कारण त्या उष्णतेत ताकातले जिवाणू मरतात. तिला जिवाणू माहीत नव्हते, पण परिणाम पक्का माहीत होता. मग मडकं चुलीमागं जायचं. रात्री ती उठायची, निखारे विझत आले असतील तर मडकं चुलीच्या आणखी जवळ घ्यायची. उन्हाळ्यात आंबील केली की तेच मडकं मोरीशेजारच्या कोपऱ्यात यायचं, खाली ओली वाळू आणि भोवती भिजवलेलं तरट. शेतावर न्यायचं मडकं गळ्यापर्यंत भरलेलं असायचं, म्हणजे आत हिंदकळायला जागा उरत नसे. तोंडाला फडकं बांधायचं, घट्ट झाकण नाही, आणि ऊन चढायच्या आत निघायचं.

आता दुसरं चित्र. माझा कॉलेजमधला एक मित्र टेक्सासमध्ये घरी बिअर करतो. अमेरिकेत 1978च्या कायद्यानं घरगुती बिअरचा मार्ग मोकळा केला. आपल्याकडे 1949च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय तसं करणं गुन्हा आहे, त्यामुळे माझा स्वतःचा अनुभव आंबिलीपुरताच. मित्रानं जुन्या फ्रिजला कंट्रोलर जोडलाय. आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं, म्हणून बादलीच्या आतलं तापमान खोलीपेक्षा काही अंश जास्त असतं. एल प्रकारच्या बिअरला साधारण 18 ते 22 अंश मानवतात. त्याच्या बरंच वर गेलं की घशाला झोंबणारी अल्कोहोल तयार होतात, फार खाली गेलं की यीस्ट झोपतं. भरलेली वीस लिटरची बादली तो हलवत नाही. हलवली तर तळाचा गाळ उठतो, आत हवा मिसळते आणि चव शिळी होते. म्हणून जिथून बिअर काढायची, त्याच उंचीवर तो ती पहिल्या दिवशीच ठेवतो.

त्याचे फोटो बघून आम्ही सगळे म्हणतो, 'काय अभ्यास आहे याचा!' अभ्यास आहेच. पण तापमान राखणं, उष्णतेचा उगम ओळखणं, भांडं कधी हलवायचं आणि कधी नाही हे ठरवणं, यातलं आजीनं काय केलं नव्हतं?

तरटाचंच घ्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात हवा 40 अंश असेल आणि आर्द्रता 20 टक्के, तर ओल्या फडक्यानं भांडं जास्तीत जास्त साधारण 22 अंशांपर्यंत उतरू शकतं. प्रत्यक्षात तेवढं उतरत नाही, पण कोरड्या हवेत फरक मोठा पडतो. दमट मुंबईत हाच उपाय फारसा चालणार नाही. म्हणजे आजीची पद्धत या गावच्या हवेसाठी बेतलेली होती. युरोपात याच प्रश्नावर यंत्रं बनली. कार्ल फॉन लिंडेनं 1870च्या दशकात शीतकरणाचं यंत्र विकसित केलं, तेव्हा म्युनिकच्या ब्रुअऱ्या त्याच्या पहिल्या गिऱ्हाइकांत होत्या. 2009मध्ये पुण्यात डूलालीची मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि पुढं 'ब्रूमास्टर' हा शब्द आपल्याही ओळखीचा झाला. टाकीचं तापमान सांभाळणाऱ्याला पद आणि पगार आहे. मडक्याचं तापमान सांभाळायला रात्री उठणाऱ्या बाईच्या वाट्याला मात्र फक्त 'हाताची चव' येते.

कुणी म्हणेल, शब्दांवरून एवढं कशाला भांडायचं? कारण या शब्दांची किंमत आमच्या घरी माझ्या आईनं मोजली. आजी गेली त्याच सुमाराला माळवद पाडून स्लॅबचं घर बांधलं, चूल जाऊन गॅस आला. पहिल्याच येळवसेला आंबील आंबली नाही, नुसती पिठुळ लागली. पंगतीत कुणीतरी म्हणालं, 'सासूची सर नाही.' मीही मान डोलावली. इंजिनिअरिंगची पदवी खिशात असून एक साधा प्रश्न मला सुचला नाही: बदललं काय? हात बदलला होता, पण घरही बदललं होतं.

दोन वर्षांनी मी स्वयंपाकघरात एक साधा डिजिटल थर्मामीटर ठेवला. डिसेंबरच्या पहाटे 17 अंश. चुलीमागची ऊबदार जागा आता घरातच नव्हती, तर आईचा हात काय करणार? पुढच्या वेळी आम्ही मडकं थर्माकोलच्या खोक्यात ठेवलं, शेजारी गरम पाण्याच्या दोन बाटल्या. रात्री एकदा पाणी बदललं, ते मी बदललं. आंबील जमली. आत्या म्हणाली, 'वहिनी, आता तुमच्या हाताला आईची चव आली.'

'हाताला नव्हे वन्सं, खोक्याला,' आई म्हणाली.

हात काहीच करत नाही, असं माझं म्हणणं नाही. तीस वर्षं भांडी चाचपलेला हात हे उत्तम मोजमाप आहे. पण मोजमाप म्हटलं की ते सांगता येतं, लिहिता येतं, शिकवता येतं, चुकलं तर दुरुस्त करता येतं. 'चव' म्हटलं की ती देणगी होते, आणि देणगी माणसाबरोबर जाते. मागं राहिलेल्या सुनेला ती मुळात नव्हतीच, असा निकाल लागतो. शिवाय बाकीच्यांना रात्री उठावं लागत नाही, कारण चव त्यांच्या हाताला नसतेच.

आजीला मी एकदाही विचारलं नाही की मडकं कधी सरकवतेस, किती वेळ ठेवतेस, आंबली हे कशावरून ओळखतेस. तुमच्या घरात असं कुणी अजून असेल, तर पुढच्या पंगतीत कौतुक थोडं बाजूला ठेवा. वही घेऊन त्यांच्या शेजारी बसा आणि हे प्रश्न विचारा. आणि रात्री मडकं सरकवायची पाळी एकदा तरी स्वतःवर घ्या.