बाळंतिणीचें औषध आणि बाळाचें दूध

मातेच्या दुधाची थोरवी आमच्या लोकांस नव्यानें सांगावयास नको. दरवर्षीं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत स्तनपान सप्ताह साजरा होतो, दवाखान्यांच्या भिंतींवर चित्रें लागतात, भाषणें होतात. परंतु बाळंतीण घरीं आल्यावर स्तन दगडासारखे होतात, अंगांत ताप भरतो, आणि दुकानदारापासून शेजारणीपर्यंत जो तो तिला सांगतो, "गोळ्या चालूं आहेत तोंवर पाजूं नकोस." त्या वेळीं तिनें विचारावें कोणास?

हा सल्ला सावधपणाचा दिसतो. वस्तुतः तो बहुधा चुकीचा व घातक असतो. दूध जितकें काढलें जातें तितकें तें येतें. पाजणें थांबलें म्हणजे गांठीचें गळूं होण्याचें भय, आणि दूध आटलें म्हणजे बाळाच्या वाट्यास डब्याची भुकटी व मिळेल तसलें पाणी. डॉक्टरांनीं दिलेलीं पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, अमॉक्सिसिलीन हीं औषधें पाजत्या आईस सामान्यतः चालतात. क्षयाचीं नेहमींचीं औषधें घेणारीसहि बहुधा पाजणें सोडावें लागत नाहीं. उलट कर्करोगाच्या बहुतेक औषधांच्या व किरणोत्सर्गी आयोडीनच्या वेळीं थांबावेंच लागतें, कोडीन टाळावें लागतें, आणि इस्ट्रोजेनयुक्त संततिनियमनाच्या गोळ्यांनीं दूध कमी होऊं शकतें. म्हणजे प्रश्न औषधागणिक निराळा आहे. औषधासोबतच्या कागदावर मात्र बहुधा एकच वाक्य असतें: डॉक्टरांस विचारा. आम्ही कायदा शिकलों असल्यामुळें असलीं वाक्यें कोणाच्या बचावार्थ लिहितात तें ओळखतों!

ज्ञान नाहीं असें नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयानें २००६ पासून 'लॅक्टमेड' ही औषधवार माहिती सर्वांस विनामूल्य खुली केली आहे. पण ती इंग्रजींत व वैद्यकी परिभाषेंत. पेठ-सुरगाण्याच्या बाईस तिचा काय उपयोग?

सरकार स्वस्थ बसलें असेंहि आम्ही म्हणत नाहीं. १९९२ च्या कायद्यानें व २००३ च्या दुरुस्तीनें दोन वर्षांखालील मुलांच्या भुकटीची जाहिरात बंद झाली, वैद्यकी सेवकांस कंपन्यांनीं आमिष दाखविणें निषिद्ध ठरलें. इस्पितळांत प्रसूत झालेल्या बाईच्या घरीं आशा सेविकेनें ४२ दिवसांत सहा वेळां जावें असा नियम आहे. तरी २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत काय दिसलें? देशांत शेंकडा ८८.६ प्रसूती इस्पितळांत, आणि पहिल्या तासांत आईचें दूध मिळालेलीं मुलें शेंकडा ४१.८. डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत जो तास वायां जातो, त्याचा दोष अडाणी सासूवर कसा लादावा?

आमच्याच प्रांतांत शीवच्या महापालिका रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं मातृदुग्धपेढी काढली. आशियांतील पहिली म्हणून तिचें नांव आहे. सार्वजनिक रुग्णालयाकडून असें काम होत नाहीं हें म्हणणें म्हणूनच टिकत नाहीं. १९९८ सालीं स्थापन झालेलें महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर नाशकांतच आहे. त्यानें व जिल्हा रुग्णालयानें मिळून एक दूरध्वनि चालवावा. त्यावर स्तनपानाचें शिक्षण घेतलेली परिचारिका व औषधांचा जाणकार रात्रींहि असावा, कारण ताप कचेरीची वेळ पाहून येत नाहीं. त्यांनीं उत्तर मराठींत द्यावें, आशा सेविकांसहि द्यावें, आणि तो क्रमांक प्रसूतिगृहांतून घरीं निघालेल्या प्रत्येक बाईच्या कागदावर ठळक छापावा.