गोळी चिठ्ठीवरच राहते तेव्हा...

'आधी रक्त वाढवा, मग शस्त्रक्रिया करू', हे वाक्य अनेक रुग्णांना ऐकावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के महिला रक्तक्षयग्रस्त आढळल्या. तेव्हा यात नवल नाही. प्रश्न आहे तो लोहाच्या गोळ्या लिहून दिल्यानंतरचा. मळमळ, बद्धकोष्ठता वा काळसर शौच यांनी धास्तावून काही रुग्ण गोळ्या परस्पर बंद करतात. काही जण त्या चहासोबत घेतात आणि लोहाचे शोषण घटते. हिमोग्लोबिन वाढण्यास मात्र काही आठवडे लागतात. परिणामी ऐनवेळी रक्ताच्या पिशवीसाठी धावाधाव होते किंवा शस्त्रक्रियाच लांबणीवर पडते.

याचे खापर रुग्णाच्या माथी फोडणे सोपे आहे. पण गोळी सोसत नसेल तर मात्रा बदलता येते, शिरेवाटेही लोह देता येते, हे सांगण्यास बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत सवड कोणाला? शस्त्रक्रियेचा निर्णय होताच रक्ततपासणी, दोन मिनिटांचे समुपदेशन आणि पंधरवड्याने विचारपूस, एवढी शिस्त पाळली तरी पुष्कळ साधेल. औषध लिहून देण्याने वैद्यकाची जबाबदारी संपत नाही, ती तेथून सुरू होते.