दया पुरे, पायरी खाली करा

मालवणला स्कुबा करायला आलेला पर्यटक कधी नीट बघितलाय? पोहता येत नाही. समुद्र आयुष्यात दुसऱ्यांदा बघतोय. तरी थोड्याच वेळात तो पाण्याखाली माशांसोबत फोटो काढत असतो. कारण त्याच्या पाठीवर हवेची टाकी असते, तोंडात नळी असते आणि आमच्याच गावचा एक पोरगा त्याला मागून घट्ट धरून असतो. त्या पर्यटकाला कुणी ‘बिचारा’ म्हणत नाही. एखाद्याला जे जमत नाही त्यासाठी माणूस आणि सामान पुरवायचं, इतका साधा व्यवहार आहे तो.

हा व्यवहार आम्ही पाहुण्यांसाठी करतो आणि घरच्या मुलांसाठी करत नाही. माझा राग एवढ्याच गोष्टीचा आहे.

आमच्या वाडीत एक मुलगा आहे. वडील रापणीला जातात. सातव्या महिन्यातही त्याने मान धरली नव्हती. मुठी कायम आवळलेल्या, लंगोट बदलताना पाय कात्रीसारखे एकमेकांवर. आजी म्हणाली, “काय नाय गो, चलतलो. तुझो घोव पण उशिराच चललेलो.” मग देवाला गाऱ्हाणं झालं, कौल झाला. मग एका दवाखान्यात टॉनिक मिळालं. पोर अडीच वर्षांचं झाल्यावर गोव्यातल्या एका डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला: सेरेब्रल पाल्सी. आईने कागद माझ्यापुढे धरला. “ह्या म्हणजे काय रे?”

म्हणजे असं. बाळ पोटात असताना, जन्माच्या वेळी किंवा त्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात वाढत्या मेंदूला इजा होते, किंवा मेंदूची घडणच वेगळी होते. त्यामुळे स्नायूंपर्यंत जाणारे हुकूम बिघडतात. कुणाचे हातपाय ताठ होतात, कुणाचे आपोआप वळवळतात, कुणाचा तोल जातो. बाळ फार लवकर किंवा फार कमी वजनाचं जन्मलं, जन्मताना ऑक्सिजन कमी पडला, मेंदूला संसर्ग झाला, नवजात बाळाची कावीळ वाढत गेली आणि वेळेत उपचार झाले नाहीत, ही त्यातली काही कारणं. अनेकदा एकच असं कारण सापडतही नाही. जगात दर हजार जन्मांमागे साधारण २ ते ३ मुलांना हे होतं. आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून होत नाही आणि कुणाच्या करणीनेही होत नाही.

मेंदूतली ती इजा पुढे वाढत नाही, आणि पुसलीही जात नाही. पण त्या इजेसकट मूल किती बसेल, चालेल, बोलेल, हे बरंचसं मिळणाऱ्या मदतीवर ठरतं. आणि गावात ज्याला सरसकट ‘मतिमंद’ म्हणून मोकळे होतात, त्याचं काय? सेरेब्रल पाल्सी असलेल्या जवळपास निम्म्या मुलांना बौद्धिक अडचण असते. म्हणजे निम्म्यांना नसते. त्यांना सगळं कळत असतं, तुम्ही त्यांच्यासमोर काय बोलता तेसुद्धा.

इथे घड्याळ फार महत्त्वाचं आहे. उठणं, बसणं, चालणं यांची मुलात जेवढी क्षमता असते, तिचा बहुतेक भाग वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत गाठला जातो. आमच्या वाडीतल्या मुलाची त्यातली अडीच वर्षं गेली. निम्मा वेळ!

आता लगेच आजीला आणि कौलाला शिव्या घालू नका. आजीने तिला माहीत होतं ते सांगितलं. ज्यांना माहीत असायला हवं होतं त्यांचं काय? प्रत्येक बाळंतिणीला माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. बाळाने कोणत्या महिन्यात काय करायला हवं, याची चित्रं त्यात छापलेली असतात. आशाताईंनी ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात घरी जायचं, अशी योजना आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, त्याच्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासायची असतात. इतके डोळे! आणि मान न धरलेलं बाळ कुणालाच दिसलं नाही. वजन झालं, लस झाली, सही झाली. आशाताईंवरही मी चिडत नाही, कारण त्यांच्या गळ्यात कामांची माळ आणि हातात तुटपुंजं मानधन. चिडतो ते ‘भेट दिली’ या नोंदीवर समाधान मानणाऱ्या कारभारावर.

कागदावर आपण श्रीमंत आहोत. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क त्यात आहे, तोही जवळच्या शाळेत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालची ‘निरामय’ विमा योजना आहे, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत, आणि थेरपीचा खर्चही त्यात धरलेला. यूडीआयडी कार्ड आहे, संजय गांधी निराधार योजना आहे. साध्या एसटीत तिकिटावर ७५ टक्के सवलत आहे.

त्या एसटीची पहिली पायरी किती उंच असते, आठवतंय? आठ वर्षांचं ताठ झालेलं पोर काखेत, खांद्याला पिशवी, मागून रेटणारी गर्दी. सवलत मिळते, पण त्या आईला पायरी चढता यायला हवी ना! मालवणहून ओरोस तीसेक किलोमीटर, बांबोळी शंभरच्या पुढे. एका फेरीत दिवस आणि दिवसाची मजुरी जाते. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा तर हातात पैसाच नसतो. आणि व्यायाम म्हणजे देवदर्शन नव्हे, वर्षातून एकदा जाऊन भागायला. तो रोज लागतो. म्हणून मग लोक जायचं सोडतात, आणि आपण म्हणतो, ‘पालकच निष्काळजी.’

“प्रत्येक गावात थेरपिस्ट कुठून आणणार?” हा प्रश्न नेहमी येतो. रास्त आहे. पण प्रत्येक गावात कुणी मागितलाय? प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक ठरलेला दिवस फिजिओथेरपिस्ट येऊ दे. त्याने आईला शिकवायचं: कसं उचलायचं, कसं बसवायचं, कसं भरवायचं, पायाचा स्प्लिंट कधी घालायचा. उरलेले सहा दिवस घर सांभाळेल. दारूपासून मटक्यापर्यंत सगळं वाडीपर्यंत पोचतं, तर एक माणूस आठवड्यातून एकदा पोचणं अशक्य कसं?

पैशाचंही सांगतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असा शासनाचा नियम आहे. तुमच्या गावात ते कशावर खर्च होतात, कधी विचारलंय?

आपण मात्र शब्द बदलण्यात पटाईत. अपंगाचं दिव्यांग झालं, डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात वेगळा दिव्यांग कल्याण विभागही झाला. उत्तम. पण अंगात दिव्यत्व आहे म्हणून पायरी आपोआप खाली येत नाही. तीच गत आपल्या रील्सची. मागे रडकं संगीत, व्हीलचेअरवरचं मूल, खाली हात जोडलेले इमोजी. दोन सेकंद गहिवर, मग पुढची रील. दया ही सगळ्यात स्वस्त मदत आहे; ती करणाऱ्यालाच बरं वाटतं.

मदत काय करू शकते ते आपल्याच राज्यात दिसलंय. मिठू अलूर यांच्या मुलीला, मालिनी चिब यांना, सेरेब्रल पाल्सी. मुलीसाठी योग्य शाळा नाही म्हणून आईने १९७२ मध्ये मुंबईत शाळा काढली. मालिनी झेवियर्समधून पदवीधर झाल्या, लंडनमध्ये पुढे शिकल्या आणि एका बोटाने टाइप करत आत्मचरित्र लिहिलं. त्याचं नावही तेच, ‘वन लिटल फिंगर’. पण प्रत्येक आईने शाळाच काढायची का? मालवणातल्या आईकडे मुंबई नाही, ओळखी नाहीत. तिच्यासाठी सरकार असतं, गाव असतं.

तुमच्या हातात मोबाइल आहे. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ नावाचं मोफत ॲप त्यात उतरवा. बोलता न येणारं मूल चित्रांवर बोट ठेवून मराठीत बोलू शकतं. शेजारच्या घरातलं बाळ चार-पाच महिन्यांनीही मान धरत नसेल, मुठी उघडत नसेल, वर्षाच्या आतच एकच हात वापरत असेल, तर ‘चलतलो’ म्हणू नका. त्याच आठवड्यात मुलांच्या डॉक्टरकडे पाठवा, जमलं तर गाडीवरून सोडा.

आणि पुढच्या ग्रामसभेला जा. उभे राहा आणि दोनच प्रश्न विचारा: ५ टक्क्यांचा हिशोब कुठे आहे, आणि आमच्या आरोग्य केंद्रात थेरपिस्ट कोणत्या वारी येणार? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. आमच्या वाडीतला तो मुलगा आता सहा वर्षांचा आहे. कायद्याने त्याचा शाळेचा हक्क यंदाच सुरू झालाय. शाळेच्या दारात तीन पायऱ्या आहेत. मी मोजल्यात.